टिंबाच्या जागी शून्य

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज सुनेच्या कामात नाक खुपसलं. खुपसणार नव्हतो, पण ती आठाला पाच म्हणत होती, आणि छत्तीस वर्षं रेल्वेच्या सांख्यिकी शाखेत आकडे तपासलेल्या माणसाला ते ऐकवत नाही.

केतकी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर नेपाळ सरकारच्या जुन्या अंदाजपत्रकांची पानं, कुणीतरी वाकडी धरून फोटो काढल्यासारखी. आकडे देवनागरीत, पण नेपाळी छापाचे पाच आणि आठ आपल्यापेक्षा वेगळे दिसतात. मी मागून म्हटलं, तो आठ आहे. तिनं चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि बाजूची खुर्ची ओढली. बसा म्हणाली नाही, नुसती ओढली.

तिचा प्रबंध करांवर आहे. भारत आणि नेपाळ, तीस वर्षांची तुलना. शेवटचं प्रकरण अडलंय ते ‘इतर करां’वर. प्राप्तिकर नाही, विक्रीवरचा नाही, जकात नाही, असं जे जे उरतं ते इतर. मालमत्तेवरचा कर, मालकानं पगारापोटी भरायचा कर, आणि कुठल्याच खान्यात न बसणारं किडुकमिडुक, कर उशिरा भरल्याच्या दंडासारखं. देशोदेशीचे तयार तक्ते संगणकावर मिळतात, पण या खान्यात मधली मधली वर्षं रिकामी आहेत म्हणे. ती जुन्या पानांवरून भरायची. २८ फेब्रुवारीला प्रबंध विद्यापीठात गेला नाही तर नोंदणी रद्द. दोनदा मुदत वाढवून झाली आहे.

दुसरी मुदतवाढ माझ्यामुळे. असं कुणी म्हणत नाही, पण मला कळतं. बायको सुशीला गेल्यावर मुलानं, प्रशांतनं, मला सिकंदराबादच्या घरातून इथं तारनाक्याला आणलं, त्याला नऊ महिने झाले. मी झोपतो ती खोली केतकीची अभ्यासाची होती. तिची पुस्तकं माझ्या पलंगाखाली खोक्यांत आहेत. एखादं हवं झालं की ती दारावर टकटक करते, स्वतःच्याच खोलीच्या.

९ जानेवारी, गुरुवार

कामाला रीत लावून दिली. आमच्या शाखेत तक्ता कधी एकट्यानं तपासत नसत. एकानं मूळ कागदावरून आकडा पुकारायचा, दुसऱ्यानं नकलेवर खूण करायची, मग कागदांची अदलाबदल. केतकीला आधी हसू आलं. ती पुण्याची, तिकडे बहुतेक सगळे मनातल्या मनातच तपासत असावेत. पहिल्या दिवशी चार चुका निघाल्या, चारही तिच्या. तोंडावर म्हणालो नाही, इथं लिहितो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. ज्या वर्षाचा आकडा मिळत नाही तिथं टिंब द्यायचं, शून्य नाही. शून्य म्हणजे काही नव्हतंच. टिंब म्हणजे आपल्याला माहीत नाही. मी नोकरीला नवा असताना एका स्थानकाचं पत्रक आलं नव्हतं, तिथं शून्य ठोकून दिलं होतं. तिथून माल चढतच नाही असा वरपर्यंत समज झाला, आणि मी साहेबांची जी बोलणी खाल्ली ती अजून पचलेली नाहीत. केतकीनं हे पेन्सिलीनं लिहून घेतलं. एवढं काय लिहायचं त्यात, कोण जाणे.

१४ जानेवारी, संक्रांत

आकाशभर पतंग, गच्चीगच्चीवर गाणी. सकाळी नांदेडहून कुसुमताईचा फोन. माझी थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, घरात एकटी. वरची खोली रिकामी आहे, ये, म्हणाली. तिळगुळासारखी गोड बोलायला ती काही प्रसिद्ध नाही, त्यामुळे आमंत्रण खरं असणार.

मनात होतंच. जेवताना सांगून टाकलं: प्रबंध गेला की मी ताईकडे जातो, कायमचा. खोली मोकळी होईल. प्रशांत म्हणाला, “तुमची मर्जी, बाबा,” आणि मोबाइल उलटा करून ठेवला. केतकी काहीच बोलली नाही. गुळाची पोळी मोडत बसली, मग तूप आणायला आत गेली. तूप टेबलावरच होतं.

चला, कुणाला वाईट वाटलं नाही. म्हणजे निर्णय योग्य.

२० जानेवारी, सोमवार

आज केतकीनं विचारलं, नेपाळचं वर्ष कसं धरलंत? मी खुर्ची मागे सरकवून सविस्तर सांगितलं. त्यांचं सरकारी वर्ष विक्रम संवताचं, श्रावणात सुरू होऊन आषाढात संपतं, म्हणून जोडीनं लिहितात, २०७०/७१ असं. त्यातला शेवटचा आकडा धरायचा, कारण वर्ष संपतं तेव्हाच हिशेब पुरा होतो. एकाहत्तरातून सत्तावन्न गेले, चौदा. म्हणून ते आपल्या २०१४-१५ समोर. अर्धा तास बोललो असेन. सुशीला असती तर पदरानं वारा घालत झोपी गेली असती. केतकी शेवटपर्यंत ऐकत होती. बरं, एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

दुपारी अंबाडीची भाजी होती, इथला गोंगुरा. सुशीला गेल्यापासून पहिल्यांदा दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरीचा तुकडाही मागून घेतला. केतकी माझ्या ताटाकडेच बघत होती. भाकऱ्या कमी पडतील अशी भीती वाटली असावी.

३ फेब्रुवारी, सोमवार

नव्वदपासूनची सगळी वर्षं भरून झाली. आज आलेख काढला. नेपाळची रेषा आणि आपली रेषा, दोन्ही अगदी एकाच वर्षी खाली वळतात. दोन देश, दोन पंचांगं, आणि वळण एक! मी तर टाळीच वाजवली. केतकी म्हणाली, छान दिसतंय, आणि लॅपटॉप मिटला. संशोधकाला एवढा थंडपणा बरा नव्हे.

वर तिनं दोन नवीन टुमणी लावली आहेत. एक, यापुढे आकडा पुकारताना मथळ्यातलं जोडवर्षही पूर्ण पुकारायचं. छत्तीस वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. दुसरं, नव्वदच्या मागची आठ वर्षंही हवीत. कशाला? प्रबंध नव्वदपासूनचा आहे. माझ्या कामावर तिचं समाधान दिसत नाही.

कामासाठी माझ्या खोलीत बसू या, तिथं मेज लावता येईल, असं सुचवून पाहिलं. नको म्हणाली, टेबलाजवळ उजेड चांगला आहे. उजेड माझ्या खिडकीत जास्त आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

नांदेडचा पास काढला. निवृत्त माणसाला वर्षाकाठी मिळतो तो, आता मोबाइलवरच निघतो. मला जमेना म्हणून मोईनसाबकडे गेलो. आम्ही एकाच शाखेत समोरासमोरच्या टेबलांवर म्हातारे झालो. एकेरी पाहिजे म्हटलं तर चष्म्यावरून बघत म्हणाला, “वापसी का नक्को? बहू ने निकाल दिया क्या मियाँ?” मी म्हटलं, निकाला नहीं, रोका भी नहीं. तो म्हणाला, “तुमने पूछा था क्या?” असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ३ मार्चच्या देवगिरी एक्सप्रेसचं आरक्षण केलं.

घरी येऊन तारीख सांगितली. केतकी वाळलेले कपडे घडी करत होती. माझा एकच सदरा तिनं तीनदा घडी केला. प्रबंधाची चिंता, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

वडिलांच्या फोटोखाली जन्मसाल घालायचं म्हणून कुसुमताईनं विचारणा केली होती. त्यांचा उदगीरच्या शाळेतला दाखला माझ्या पेटीत आहे. निजामाच्या वेळचा, उर्दूत. मोईनसाबला फोटो पाठवून वाचून घेतला: उमाजी, जन्म फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेत, १३३६, महिना खुर्दाद. ताई म्हणाली, फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे, १९२६ झाले, एवढं सोपं तर आहे. मी तिला झापलं. म्हटलं, फसली वर्ष ऑक्टोबरात लागायचं. डोकं एका सालात, शेपूट दुसऱ्यात. खुर्दाद म्हणजे एप्रिल, तो शेपटाकडचा. म्हणून १९२७. नुसतं अधिक-उणे करून वर्ष जुळत नाही ताई, कुठला महिना कुठं पडतो ते बघावं लागतं.

हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मी फोन ठेवून नेपाळचा तक्ता काढला.

नेपाळचं २०७०/७१ कधी लागतं? २०१३च्या जुलैत. संपतं २०१४च्या जुलैत. त्यातले साडेआठ महिने आपल्या २०१३-१४ मध्ये पडतात, २०१४-१५ मध्ये पडतात ते जेमतेम साडेतीन. मी बोटं मोडून तीनदा मोजलं. जोडीतला पहिला आकडा धरायचा तिथं मी शेवटचा धरला. नेपाळचा सगळा खाना एक वर्ष पुढं सरकला आहे, वरपासून खालपर्यंत. दोन रेषा एकाच वर्षी वळत नाहीत. मी त्यांना वळवलं.

पुकाऱ्यात हे सापडणार नव्हतंच. पुकारा आकडे पकडतो, मथळा नाही, आणि मथळा माझाच होता.

दहा दिवस उरले. त्या वळणावर तिनं प्रकरण उभं केलं असेल. सांगितलं तर ते कोसळणार, नोंदणी जाणार. तिची खोली घेतली, आता सहा वर्षांची मेहनत घ्यायची. आणि नाही सांगितलं तर? परीक्षकांच्या लक्षात येईल असं नाही. मी तोवर नांदेडात असेन. हा विचार आला, हे खोटं कशाला बोलू. आला आणि बराच वेळ बसून राहिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सांगितलं. प्रशांत कामावर गेल्यावर, उभ्यानंच. माझी चूक आहे, वर्ष चुकलं आहे, नेपाळचा सगळा खाना.

केतकीनं मला बसवलं आणि लॅपटॉपवर दुसरा तक्ता उघडला. तोच, पण नेपाळ एक वर्ष मागे, जिथं हवा तिथं. वर तारीख होती, २० जानेवारी. प्रकरणही त्यावरूनच लिहून झालेलं.

महिनाभर तिला माहीत होतं. मी टाळ्या वाजवत होतो, तेव्हाही.

लहान मुलानं गप्प बसावं म्हणून त्याच्यापुढं मणी टाकतात, तसं केलं तिनं मला. मी छत्तीस वर्षं मान खाली घालून काम केलं, कुणाची दया घेतली नाही. शुक्रवारची गाडी मिळते का बघतो. जेवलो नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी मिळाली नाही. दोन दिवस खोलीतच होतो. आज दुपारी दारावर टकटक झाली. मी विचारलं, कुठलं पुस्तक? ती आत आली आणि खाली, खोक्यांशेजारी जमिनीवरच बसली. पुण्याची मुलगी, कधी मोठ्यानं बोलत नाही, पण आज रागावलेली होती. मला तिचा राग दहा महिन्यांत पहिल्यांदा दिसला.

म्हणाली, मणी नव्हते ते. तीस वर्षांचे आकडे तुम्ही वाचलेत, मला वाचता येत नव्हते. मी फक्त एक खाना सरकवला, त्याला दहा मिनिटं लागली. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. त्यावर ती म्हणाली की त्याच दिवशी सांगणार होते, जेवण झालं की सांगायचं ठरवलं होतं, पण तुम्ही भाकरी मागितलीत. आई गेल्यापासून तुम्ही कधी काही मागितलं नव्हतं. मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही वही मिटाल आणि परत आत जाऊन पडाल. मग रोज उद्यावर ढकललं. ते चुकलंच माझं. मथळा पुकारायला लावला, तो तुमचं तुम्हाला सापडावं म्हणून. आणि नव्वदच्या मागची वर्षं मला नकोच होती. काम संपलं की तुम्ही जाणार होतात, म्हणून ते वाढवलं.

मी म्हटलं, जाणार म्हणून सांगितलं तेव्हा तू काही बोलली नाहीस.

तेव्हा ती जे म्हणाली ते शब्दाला शब्द लिहून ठेवतो. “मी बोलले नाही, बाबा, कारण घर सोडून कुठं जायचं हे तुमचं तुम्ही ठरवता असं मला वाटलं. तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही माझ्या उत्तराच्या जागी शून्य लिहिलंत. टिंब द्यायचं असतं ना?”

माझे डोळे भरून आले ते तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. सुशीलाही असंच करायची. मी हे सगळे महिने सुशीलासाठी रडलो नव्हतो, आज सुनेसमोर, पुस्तकांच्या खोक्यांजवळ बसून रडलो.

थोड्या वेळानं विचारलं, रेषांचं काय झालं? ती म्हणाली, वळत नाहीत एकत्र. एक आधी वळते, दुसरी मागून. सारखं काही नाही, तेच खरं आहे, आणि त्यावर लिहायला जास्त आहे. मग ती तक्ता घेऊन आली. म्हणाली, माझा खाना मी एकटीनं सरकवलाय, तो कुणी पुकारलेला नाही. एकट्यानं तपासलेला तक्ता तुमच्या शाखेत चालत नाही.

म्हणून आज तिनं पुकारलं आणि मी खूण केली. मथळ्यासकट.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुकाऱ्यात एक चूक निघाली. तिची. यावेळी तोंडावर सांगितली. प्रशांत सोफ्यावरून म्हणाला, “आता सुरू झालं यांचं,” आणि तो इतका खूश का दिसत होता ते मी त्याला विचारलं. विचारायचं, असं ठरवलं आहे. तो म्हणाला, तुम्ही नांदेडला चाललात म्हणून मी इकडे महिनाभर धड जेवत नाहीये, तुमच्या लक्षात तरी आलं का? आलं नव्हतं. मी त्याच्या ताटाकडे पाहिलंच नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रबंध गेला. मीही विद्यापीठात गेलो होतो, पाच प्रती उचलायला. खिडकीवरच्या बाईंनी तारखा चाळून विलंब शुल्क भरायला सांगितलं. केतकी चिडेल असं वाटलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, उशिराचा दंड, बाबा, हा कुठल्या खान्यात? मी म्हटलं, इतर. खिडकीवरच्या बाईंना आम्ही का हसतोय ते कळलं नाही, त्यांनी तेलुगूत काहीतरी म्हणून पावती पुढं सरकवली.

येताना चहा प्यायलो. दुसऱ्या देशाचाही असा तक्ता करता येईल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी त्यांचं वर्ष कुठल्या महिन्यात लागतं ते सांग.

२ मार्च, रविवार

ताईला फोन केला. येतोय, पण आठ दिवसांसाठी. ती म्हणाली, मी खोली झाडून ठेवली, गादीला उन्हं दिली, हैदराबादच्या माणसाचा भरवसा नाही हेच खरं. मग आवाज खाली करून म्हणाली, सून चांगली आहे तर राहा रे तिथंच, मला काय, मी अजून खंबीर आहे. गणपतीत तिलाच इकडे आणायचं ठरवलं आहे. तिला आधी विचारून.

सकाळी पलंग भिंतीला लावला आणि खोक्यांतली पुस्तकं फळीवर मांडली. खिडकीखाली मेज मावतं. फूटपट्टीनं मोजलं. दोन खुर्च्याही मावतात.

एकेरी पास बदलून घ्यायचा राहिला होता. मोईनसाबकडे निघालो, तर केतकीनं मोबाइल मागून घेतला आणि सगळं तिथंच केलं. परतीचं आरक्षण होळीच्या दोन दिवस आधीचं आहे. तारीख तिनंच टाकली, मला न विचारता.